धुळीची बाजू घेणारे मास्तर

आमच्या शाळेत धूळ पुसायला बंदी नव्हती. धुळीला नावं ठेवायला होती. कुणी “काय घाण धूळ!” म्हटलं की विज्ञानाचे मास्तर खडू खाली ठेवत. “तिले बोलाचं नाही. थे नसती त तू बी नसता!” गावाने त्यांना धूळमास्तरच करून टाकलं. रुमालावर भीमपूरच्या बसची धूळ घेऊन ते रोज यायचे, तेही शोभायचं.

ताऱ्यांमधल्या ढगांत हायड्रोजनचे अणू सुटे भटकतात. “भेटले तरी जमत नाही,” मास्तर सांगत. “जोडी जुळताना ऊर्जा निघते. थे कोनी घेतली नाही त जोडी जागीच फुटते. धुळीचा कण दोघायले अंगावर बसू देते, ताप सोता घेते. पानी बी असंच त्याच्या अंगावर बनते.”

“मंग कणाले काय भेटते, सर?” मी विचारलं.

“काई नाही वं. काऊन भेटावं?”

मला ते उत्तर मुळीच पटलं नाही. हक्क मागून मिळत नाहीत, हिसकावून घ्यावे लागतात, असं तेव्हाही मानत होते, आजही मानते.

कॉलेजात गेल्यावर मी पत्रकं काढू लागले, तेव्हा गावातले मराठी वर्ग बंद करायचं घाटत होतं. कारण काय, तर पालकांची मागणीच नाही! मागणी होती, पण वरची आळी आणि खालची आळी एका अर्जावर सही करेनात. पोळ्याला तोरणाखालून कुणाची बैलजोडी आधी न्यायची, यावरून बोलणं तुटलेलं. मी पत्रकात दोन्ही आळ्यांना मूर्ख म्हटलं. अर्जासाठी बोलावलेली सभा दहा मिनिटांत उधळली.

मास्तरांनी पत्रक वाचलं. “खरं लिवलं पोरी. पन निघालेला ताप कोन घेईन?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही आळ्यांतल्या एकेका म्हाताऱ्याला शाळेच्या एकाच बाकावर बसवलं आणि स्वतः मधोमध बसले. तासभर दोघांनी एकमेकांवरचा सगळा राग मास्तरांवरच काढला. “तुमीच पोरीले शिकवलं!” हेही. मास्तर नुसते “हो” म्हणत राहिले. मग घाम पुसून त्यांनी अर्ज पुढे सरकवला. सह्या झाल्या. वर्ग आजही भरतात.

मास्तर यंदा वारले. परवा सोयाबीनच्या मोजमापावरून गावच्या सभेत दोन गट भिडले. माझ्याजवळ धारदार पत्रक तयार होतं. मी ते पिशवीत ठेवलं, खुर्ची उचलली आणि दोघांच्या मधे जाऊन बसले.

आधी दोघेही माझ्यावरच तुटून पडले. पडू दिलं.