गुरुवारची सुट्टी

श्रीरामपुरात कायदा मोडणारे मी पोत्यानं पाहिले; नगरपालिकेत दुकाननिरीक्षक होतो, पोटच त्यावर चालायचं. पण स्वतःच्या हक्काची सुट्टी चोरून मोडणारा माणूस एकच, स्टेशनरोडच्या हॉटेलातला म्हातारा आचारी. कायद्यानं हॉटेलातल्या प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. याचा वार गुरुवार. तर गुरुवारी हा गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून त्याच हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून बसायचा. एका चहावर तीन तास! आणि बसल्या जागेवरून बदली आचाऱ्याला शिकवण्या: "तेल तापलं न्हाई आजून, आवाज ऐक की रं!" गाडी आली, गर्दी उसळली, की स्वारी गुपचूप भट्टीशी. मी सायकलवरून उतरलो रे उतरलो, की पुन्हा बाकावर. एकदा पकडलाच.

"काय हो, आज सुट्टी ना?"

"व्हय साहेब. मी गिऱ्हाईक हाय."

"आणि हात कोपरापर्यंत बेसनात?"

"भजी ताजी हायेत का, बघत हुतो."

हसू दाबून मी ताकीद दिली. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. सुट्टीच्या दिवशी नोकराला राबवलं म्हणून खटला व्हायचा तो हॉटेलच्या शेठवर. शेठ हात जोडून म्हणाला, "साहेब, मी नको नको म्हणतो, हा ऐकतच नाही. उद्यापासून काढूनच टाकतो, मग तर झालं?" मी म्हटलं, टाका. सायकल काढली, तर आचारी मागोमाग रस्त्यावर.

"साहेब, शेठला सांगा, काढू नगा. हितंच माळ्यावर झोपतो मी. मागं कुनी न्हाई. बाकीच्यांस्नी सुट्टीला घर हाय, मी जायाचं कुटं?"

खरं सांगतो, लाज वाटली. ज्या कायद्यानं त्याला जपायचं, त्याचंच कलम दाखवून मी त्याची भाकरी तोडायला निघालो होतो. तसाच परत फिरलो. शेठला म्हटलं, "काढायचं नाही. दर गुरुवारी याला माझ्या घरी पाठवायचं."

आला. आल्या आल्या चुलीकडेच वळला. बायको आडवी उभी राहिली. "दादा, पाटावर बसा. आज सुट्टी ना तुमची?" दुष्काळाचं साल, ताटात रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी आणि पातळ पिठलं. मला वाटलं, आता खोड काढतो. पण तो मान खाली घालून जेवत राहिला. "घ्या ना अजून, लाजू नका," बायको म्हणाली, तसा त्याचा घास हातातच राहिला.

"वयनी, चाळीस वर्सं मी लोकांना 'आजून काय देऊ' इचारतोय. मला आज पयल्यांदाच कुनी इचारलं वो."

आमच्या वाट्याची एक भाकरी बायकोनं त्याच्या ताटात टाकली. पुढं जिवंत होता तोवर त्यानं एकही गुरुवार चुकवला नाही. त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गुरुवारी पानं वाढून झाली, तरी आम्ही दोघं अजून जरा वेळ थांबतो, मगच जेवायला बसतो.