मेलबर्नच्या बागेतली वेचणी

उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि माझी मैत्रीण चार दिवस मेलबर्न पाहायला गेलो होतो. तिथे पानगळ सुरू होती. दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, बागेत एक म्हातारी दिसली. पातळावर जाड स्वेटर, कमरेला पदराची ओटी. कमरेएवढ्या झुडपांत अडकलेली वाळकी पानं ती दोन्ही हातांनी भराभरा वेचत होती. आमच्या समुद्रपूरकडे कापूस असाच वेचतात. मला राहवलं नाही.

"मावशी, गाव कोणतं तुमचं?"

ती दचकली, मग हसली. "जामजवळचं, समुद्रपूरकडलं. तुमी बी तिकडल्याच का वं?"

"हो. पण इथं पानं काऊन वेचून राह्यल्या?"

"लेक-सून कामावर जाताना घराले कुलूप लावतात. मले किल्ली देत नाईत. गॅस चालू ठेवीन म्हणतात." हात थांबले नव्हते. "नुसती बसली तं लोकाइले वाटते, बुढी हरवली. पोलिसाले बोलावतात, मंग पोरगं चिडते. वेचत राह्यलं की कोणी काई इचारत नाई."

मैत्रिणीनं माझा दंड घट्ट धरला.

"लेकाचा नंबर द्या. मी बोलते त्याच्याशी!" माझा आवाज चढला होता.

"नोको वं माय. पोरगं चांगलं हाय."

लेकाची यायची वेळ झाली. तिनं ओटी सोडली आणि दिवसभर वेचलेली पानं मुठीमुठीनं पुन्हा त्याच झुडपांवर टाकली.

"उद्याले वेचाले पाह्यजे नं," ती म्हणाली.