राऊतबाईंच्या वाडीतले तीन कॅमेरे

मी शिडीवर होते. खालून नितीन म्हणाला, "मॅडम, असा लावा की कुणाला दिसायलाच नको."

"कुणाला म्हणजे?"

त्याने आवाज खाली आणला आणि हनुवटीने वाडीच्या टोकाकडे खूण केली. तिथे पत्र्याची एक खोली होती. खोलीसमोर एक माणूस वाळलेल्या झावळ्यांची मोळी बांधत बसला होता.

"लहानूला. एक कॅमेरा त्याच्या दाराकडे तोंड करून. बाकीचे तुम्ही सांगाल तिथे."

मी ड्रिल बंद करून खाली उतरले.

माझं काम सीसीटीव्हीचं. राहायला कुंभवलीला, दुकान बोईसरला. त्याआधी नऊ वर्षं तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंट्रोल रूमला होते. तिथे दिवसभर स्क्रीनकडे बघत बसायचं आणि कुठला आकडा लाल झाला की फोन उचलायचा. ते सोडून कॅमेऱ्यांच्या धंद्यात आले. फिटिंग मीच करते. गिऱ्हाइकं दारात मला बघून विचारतात, "फिटर कधी येणार?" मी म्हणते, "आलाय," आणि शिडी उघडते.

हे घर माहीमचं, मुंबईतलं नव्हे, केळव्याजवळचं. पुढे रस्त्याला लागून बैठं घर, मागे वाडी. चिकू, केळी, दोन-चार जुने उंच माड आणि बाकी सगळे बुटक्या जातीचे. बुटक्या माडांची शहाळी जमिनीवर उभं राहूनही हाताला लागतात. घर राऊतबाईंचं. बाई गावच्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले. मुलगा नितीन पुण्याला नोकरीला. तो दोन दिवसांची रजा काढून खास कॅमेऱ्यांसाठी आला होता.

चार महिने वाडीत चोऱ्या चालल्या होत्या. शहाळी जायची, चिकू जायचे. तेवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी मनावर घेतलं नसतं. पण जाणारा माणूस नुकसान करून जायचा. अबोलीच्या कुंड्या लाथेने पाडलेल्या, झाडांना थेंब थेंब पाणी देणाऱ्या ठिबकच्या नळ्या मधोमध चिरलेल्या. एकदा तर गेटवरच्या नावाच्या पाटीतला 'रा' उपटून नेला. पंधरा दिवसांपासून पाटीवर नुसतं 'ऊत' होतं.

सगळं घडायचं रविवारी दुपारी, बाई झोपलेल्या असताना. यावरून नितीनने हिशेब मांडला होता. बाई कधी झोपतात हे घरातल्या माणसालाच ठाऊक. घरात माणूस एकच, लहानू.

लहानू विक्रमगडकडचा. बावीस वर्षं या वाडीत होता. बायको जानकी त्याच्याबरोबरच वाडीत काम करायची. वाडीतला जवळजवळ प्रत्येक माड त्याने लावलेला.

मी नितीनला म्हटलं, "हे बघा, लपवलेला कॅमेरा चोरी झाल्यावर उपयोगी पडतो. दिसणारा कॅमेरा चोरी होऊच देत नाही. तुम्हाला चोर पकडायचाय की चोरी थांबवायचीये?"

"दोन्ही."

"आणि दुसरं, कुणाच्या राहत्या घराच्या दारावर मी कॅमेरा लावत नाही. तिथे त्यांची बायको आंघोळीचं पाणी तापवते."

नितीनला ते आवडलं नाही. तो काही बोलणार, एवढ्यात बाई व्हरांड्यात आल्या. उंच, सडपातळ, पांढरी साडी, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आमचं सगळं ऐकलं होतं.

"नितीन, मी शाळेत असताना वर्गाच्या खिडकीतून कधी चोरून बघितलं नाही. दारातून आत जायचे. लहानूवर मी पाळत ठेवणार नाही."

"आई, मग कुंड्या कोण फोडतं?"

"ते शोधायला या आल्यात ना."

एवढ्यात लहानू स्वतःच चालत आला. खोलीपर्यंत आमचं बोलणं गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं, पण गेलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला. नितीनकडे त्याने बघितलंही नाही.

"ताई, माज्या दारावर लावा. मला चालंल. दिवसरात बगू दे मी कुठं जातो ते."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. असली मागणी माझ्याकडे आजवर एकाही माणसाने केलेली नाही. मी कामाचंच विचारलं.

"दादा, तुम्हाला काय वाटतं? माणसं येतात कुठून?"

लहानू जरा चमकला. मग म्हणाला, "मागच्या कुपनातून. वड्याच्या बाजूला करवंदीच्या जाळीत भगदाड हाय. तीन जणं येतात. एक चपला घालून येतो, दोघं बूट घालून. खेळायचे बूट, खाली टोकं असलेले. मातीत भोकं पडतात."

"हे तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?"

"दोनदा सांगितलं."

मी नितीनकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

आम्ही चौघं मागे ओढ्याकाठच्या कुंपणाकडे गेलो. भगदाड होतं. पाऊलवाट मळलेली होती आणि मऊ मातीत बुटांच्या टोकांची भोकं होती. नितीन वाकून बराच वेळ ती बघत राहिला. तरी म्हणाला, "ही कधीचीही असू शकतात."

ठरलं असं. एक कॅमेरा गेटवर, एक घराच्या मागच्या भिंतीवर, आणि तिसरा त्या भगदाडासमोरच्या जुन्या चिकूवर, सगळ्यांना दिसेल असा. तिसऱ्यापर्यंत घरातलं वाय-फाय पोचत नव्हतं. म्हणून तिथे सिमकार्डवर चालणारा कॅमेरा लावला. तो चारी बाजूंना मान फिरवतो. त्याच्यात माइक आणि स्पीकरही असतो. मोबाइलवरचं बटण दाबून घरी बसून बोललं की कॅमेऱ्यातून आवाज बाहेर पडतो. त्याला टू-वे ऑडिओ म्हणतात. गिऱ्हाइकं बहुधा पहिल्या दिवशी "हॅलो, हॅलो" करतात आणि मग विसरून जातात.

शिडी लहानूने धरली. खाऱ्या वाऱ्याने वायरीचे जोड गंजतात, म्हणून मी ते डबीत बंद करत होते. त्याने एक-दोनदा बघितलं आणि तिसऱ्या वेळी मी मागायच्या आत डबी वर दिली. बाईंनी सगळ्यांना चहा केला. लहानूने कप घेतला नाही. "नको," म्हणाला आणि कामाला गेला. बाई म्हणाल्या, "चार महिने झाले. नितीनने त्याचं नाव घेतल्यापासून इथलं पाणीसुद्धा घेत नाही."

संध्याकाळी नितीन पुण्याला गेला. दुसऱ्या दिवसापासून बाईंचे फोन सुरू झाले.

"मनीषा, फोन सारखा वाजतोय."

हे नव्या कॅमेऱ्याचं नेहमीचं दुखणं. समोर काही हाललं की कॅमेरा मोबाइलवर अलर्ट पाठवतो. त्याला झावळी आणि माणूस यातला फरक कळायला वेळ लागतो. माहीमच्या वाऱ्यात झावळी थांबते कुठे? मी म्हटलं, "बाई, अलर्ट बंद करून ठेवा. मी रविवारी येऊन सेटिंग करते."

त्यांनी बंद केले नाहीत. रविवारी गेले तर बाईंनी माझ्यासमोर दोनशे पानी वही ठेवली. प्रत्येक अलर्टची वेळ आणि कारण लिहिलेलं. झावळी. झावळी. कावळा. जानकी. झावळी. मुंगूस. पालीने कॅमेऱ्यावर बसून काढलेला अर्धा तास वेगळ्या शाईत लिहिला होता. आयुष्यभर पेपर तपासले, बाईंना त्यात कंटाळा असा नव्हताच.

टू-वे ऑडिओही त्यांनी सोडला नव्हता. सकाळी कावळ्यांना हाकलायला त्या तो वापरत होत्या. जानकी सांगत होती, "चिकूचं झाड वरडतं नि कावळं उडतात. पयल्या दिवशी मीच पळाले."

मी जेवून सेटिंगला बसले. बाई नेहमीप्रमाणे आडव्या झाल्या. अर्ध्या तासाने अलर्ट आला. मी सवयीने झावळी म्हणून पुसून टाकणार होते, पण स्क्रीनवर भगदाडातून एक डोकं आत येत होतं. मग दुसरं. मग तिसरं. तीन तरुण, अंगात टीशर्ट, एकाच्या हातात बॅट. समुद्रावर क्रिकेट खेळून आलेले. एकाने सरळ माडाची शहाळी तोडली आणि खिशातल्या चाकूने त्यांना भोकं पाडली. बॅटवाल्याने ठिबकच्या नळीवर पाय दिला आणि जाता जाता तिच्यावर बॅट मारली. कुणीही वर चिकूकडे बघितलं नाही.

दिसणाऱ्या कॅमेऱ्याने चोरी होतच नाही, असं मी नितीनला छातीठोकपणे सांगितलं होतं. कॅमेरा दिसत होता. फक्त बघायला कुणी तयार नव्हतं.

मी बाईंना हलवलं. "बाई, आलेत. पोलिसांना फोन करू?"

बाई उठल्या, चष्मा लावला, माझ्या हातातून मोबाइल घेतला. क्षणभर स्क्रीन बघितली. मग बटण दाबलं आणि अशा आवाजात बोलल्या की मी स्वतः ताठ झाले.

"हात मागे!"

सिमच्या कॅमेऱ्यात आवाज पोचायला दोन सेकंद लागतात. ती दोन सेकंदं ते तिघं शहाळ्यांना तोंड लावून होते. मग स्क्रीनवर एकदम तिघांचे हात मागे गेले. शहाळी खाली पडली. बॅट पडली.

"मधला. टीशर्ट आत खोच."

दोन सेकंदं. मधल्याने टीशर्ट आत खोचला. त्याने खाली बर्म्युडा घातली होती, तिच्यात खोचला.

"हितेश ना रे तू? पाचवी ब?"

तो घाबरून एकेका झाडाकडे बघत होता. "हो बाई. बाई, तुमी कुठं हाय?"

"सगळीकडे."

मी तोंडावर हात दाबून बसले होते. तिसरा हळूच भगदाडाकडे सरकत होता. बाई म्हणाल्या, "ए, चपलावाला. तुला मी ओळखत नाही. तरी उभा राहा." तो उभा राहिला.

"हितेश, पळालास तर संध्याकाळी घरी येईन. तुझ्या आईलाही मीच शिकवलंय."

बाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला, शांतपणे केस बांधले, चपला घातल्या आणि मागच्या दाराने निघाल्या. आम्ही पोचेपर्यंत पाच मिनिटं तरी गेली असतील. तिघं तसेच, हात मागे. समोर लहानू उभा. त्याला ओरडणं ऐकू आलं होतं. जानकी पदर तोंडात धरून हसत होती.

बाईंनी विचारलं, "शहाळी कशाला?"

"खेळून तहान लागते, बाई."

"मागितली असती तर दिली नसती मी? आणि कुंड्यांनी तहान भागते? पाटीवरचा 'रा' प्यायलात?"

हितेश म्हणाला, "मजा म्हणून."

"लहानूवर आळ आलाय, हे ठाऊक होतं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ऐकलं व्हतं."

इथे बाईंचा चेहरा बदलला. आतापर्यंत ती वर्गातली जरब होती. हा राग खरा होता. पण त्या काही बोलायच्या आत लहानू पुढे झाला. आवाज चढवला नाही त्याने.

"चार महिनं या घरचा चा माज्या घशाखाली उतरला नाय. तू ऐकलं व्हतंस, नि तू माजाच नारळ पीत व्हतास."

हितेश रडायला लागला. पंचवीस वर्षांचा माणूस. बाकीच्या दोघांनीही माना खाली घातल्या. हितेशने लहानूचे पाय धरले. लहानूने त्याला उठवलं आणि म्हणाला, "नळी जोडायला येते काय?"

"नाय."

"मग शीक."

बाईंनी तिथूनच नितीनला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं आणि फोन लहानूकडे दिला. लहानू नुसता "हां, हां" करत राहिला. शेवटी म्हणाला, "जाऊ दे रे. दिवाळीला ये. माडावर चढायला मीच शिकवलं तुला, इसरला असशील. परत चढू." आणि फोन देताना पहिल्यांदा मोकळा हसला.

त्या दुपारी बाईंच्या ओट्यावर आम्ही सगळे चहा प्यायलो, तिघा चोरांसकट. लहानूने दोन कप घेतले.

पुढचे तीन रविवार ती मुलं लहानूच्या हाताखाली राबली. ठिबकच्या नळ्या जोडल्या, भगदाड बुजवलं, नव्या कुंड्या आणून अबोली लावली. 'रा' हितेशच्या घरी सापडला, तोही परत बसला. बाई दुपारी पलंगावर आडव्या व्हायच्या आणि चिकूवरून सूचना यायच्या, "ती कुंडी उजवीकडे. अजून. बस."

त्यानंतर वाडीत चोरी झालेली नाही. गोष्ट गावभर झाली. जानकी सांगते, शाळेतली पोरं त्या कुंपणाजवळून जाताना शर्ट खोचून जातात.

माझा धंदाही वाढला. केळव्यापासून सातपाटीपर्यंत लोक विचारतात, "तो राऊतबाईंच्या आवाजाचा कॅमेरा आहे का?" मी सांगते, कॅमेरा मिळेल, आवाज कंपनी देत नाही.

मी मात्र एक पद्धत बदलली. नव्या साइटवर गेले की आधी मालकाशी बोलत बसत नाही. तिथे रोज राबणारा माणूस गाठते आणि चोर कुठून येतो ते विचारते. त्याला ते बहुतेक वेळा माहीत असतं. त्यामुळे कॅमेरे कमी लागतात, आणि वायरही.