कंदील धरणारा नवरा

मंडळी, आज डोकं फिरलंय.

तळेघरची माझी आत्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करायची. तिच्यावर सिनेमा निघालाय. आज आम्ही सगळ्यांनी तो मंचरला पाहिला.

सिनेमात तिचा नवरा अंधारात कंदील धरून तिच्यापुढे चालतो. खरा नवरा आतून कडी लावायचा. बाळंतपण करून आलेली आत्या गोठ्यात झोपायची.

शो सुटल्यावर लोक त्या खऱ्या नवऱ्यासोबत सेल्फी काढत होते. तो म्हणतो, "बायकोला साथ द्यावीच लागती, राव!"

मी आत्याला म्हटलं, "बोल की काहीतरी!"

ती हळूच म्हणाली, "कंदिलाचं मीच सांगितलं सिनेमावाल्यांना. पोरांना गावात ऱ्हायचंय."

'सत्यकथेवर आधारित' वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्या घरात अशी कडी कोण लावायचं?