खळीची बादली आणि रशियाचा चंद्र

रशियाने आकाशात सोडलेला कृत्रिम चंद्र डिलाईल रोडच्या चाळींना मी ऐकवला. खरं तर ही गोष्ट मी जन्मभर मिरवायला हवी होती. मिरवली नाही, कारण ज्या एका माणसाला तो ऐकवायचा होता, त्याला सोडून मी साऱ्या दुनियेला ऐकवला.

मी तेव्हा, सत्तावन साली, लोअर परळला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. जुन्या बाजारातलं सामान आणून मी स्वतःचा एक शॉर्टवेव्हचा सेट जुळवला होता. त्याला कर्णा नव्हता, नुसता हेडफोन. पेपरात बातमी आली की चंद्र फिरता फिरता आवाज पाठवतोय, तेव्हा मी दुकानातच तो शोधायला बसलो. दोन दिवस नुसती खरखर. तिसऱ्या दिवशी शेजारी ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या रेडिओचा काटा सहज फिरवला आणि कानात पीप, पीप, पीप सुरू झालं. एकट्या सेटला तो आवाज पकडता येत नव्हता. दुसरा रेडिओ शेजारी लावला, की दोघांच्या लहरी मिसळून शिट्टी उठायची. दहा-बारा मिनिटांनी चंद्र लांब गेला आणि शिट्टी बंद. मी वेड्यासारखा हसत बसलो होतो.

घरी आबांना, म्हणजे वडिलांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. कुठल्या स्टेशनवरून येतं, म्हणाले. मी म्हटलं, स्टेशन नाही, दिल्ली नाही, तो वरून बोलतो आणि सरळ आपल्या तारेवर येतो.

"म्हणजे मध्ये कोणी नाही?"

"कोणी नाही."

आबा मोकळे हसले. ते हसणं काय होतं, हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतो. आबा तीस वर्षं मिलच्या रिंगखात्यात, सूत कातायला होते. पगार साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर जास्त, हात साच्याला शोभतील असे, पण साच्यावर त्यांना घेतलं नाही. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागायचं. आज आबांनी तोंड लावलेल्या धोट्याला उद्या दुसऱ्याने तोंड कसं लावायचं? झालं, एवढ्यावर माणसाचं आयुष्य निकालात. आदल्या वर्षी आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव बाहेर काढले, पण मिलमधला धोटा तिथेच होता.

"मग मला एकदा कानाला लावून ऐकव," आबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट. त्यात चंद्राची बॅटरी थोडेच आठवडे पुरणार, असंही पेपरात होतं.

दुकानाच्या मालकाने गिऱ्हाइकाच्या रेडिओला पुन्हा हात लावशील तर बघ, अशी तंबी दिली होती. शिट्टीसाठी लागणारा दुसरा रेडिओ आमच्या घरी नव्हता. शेजारच्या चाळीत कोकणातल्या मंडळींच्या कमिटीच्या खोलीत होता. त्यांचे सेक्रेटरी मिलमध्ये क्लार्क, माणूस गोड. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो होतो. त्यांच्या खोलीतल्या पत्र्याच्या बादलीत खळ शिजवायची, त्याच बादलीत आम्ही दोघांनी हात घालायचे आणि भिंतींवर पोस्टरं चिकटवायची. मी विचारलं, त्यांनी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, झालं काम. काय म्हणावं माझ्या अकलेला!

पहिल्या संध्याकाळी खोली भरली. खोली त्यांची, म्हणून मी हेडफोन आधी सेक्रेटरींना दिला. मग त्यांच्या चाळीतले म्हातारे, मग बायका. आबा पाळीवरून परस्पर आले होते, दाराशी उभे राहिले. त्यांना बोलावलं की कोणीतरी म्हणे, आमच्या आईचं होऊ दे, ती जास्त वेळ उभी राहू शकत नाही. आबा म्हणत, होऊ दे. आणि शिट्टी बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी आबांचं नाव दुसरं घेतलं. ते पुढे आले तशी मागची सगळी माणसं हलायची थांबली. आबांच्या मागे रांगच उरली नाही. ते बघून आबाच मागे सरले, म्हणाले, आधी त्यांचं आटपू दे.

सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "तू मनात काय आणू नको रे. मी असलं काय मानत नाय. पण तोच हेडफोन मग म्हाताऱ्यांच्या कानाला लागतो. तू हुशार आहेस, कायतरी युक्ती काढ."

हुशार म्हटलं आणि मी फुगलो. त्या माणसाचा राग यायला हवा होता, मला युक्ती सुचली. खळीची बादली घासून कोरडी केली, आडवी ठेवली आणि हेडफोन तिच्या तळाशी सोडला. पत्रा घुमतो, त्यामुळे बादलीच्या तोंडाशी दहा माणसं वाकली तरी दहांना ऐकू येतं. कानाला लावायची भानगडच नाही. तिसऱ्या दिवशी चंद्र आला आणि बादलीतून पीप पीप सुरू झालं. माणसं टाळ्या वाजवायला लागली. सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझी छाती ही एवढी फुगलेली.

आबा त्या दिवशी घरी जाऊन, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. आता सगळे त्यांना या या म्हणत होते, जागा करून देत होते. ते चार पावलं लांबच थांबले.

"कानाला लावायचा होता तो कुठे गेला?"

"बादलीत आहे, आबा. असं सगळ्यांना एकदम ऐकू येतं."

त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वळून चालू लागले. मला त्यांच्यामागे जायला हवं होतं. मी गेलो नाही, कारण चंद्र अजून वाजत होता आणि लोक वाहवा करत होते.

घरी ते भिंतीला टेकून बसले होते. आवाज चढवला नाही.

"साच्यावर मला घेतला नाही, धोट्याला माझं तोंड लागेल म्हणून. पण तो धोटा माझ्या पोराने बनवलेला नव्हता."

मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. मग पेटलो. कमिटीच्या रेडिओशिवाय ऐकवायचं ठरवलं. दुकानातून फुटके भाग मागून आणले आणि शिट्टीपुरता दुसरा सेट घरातच जुळवायला बसलो. काम सुटलं की तेच. दिवाळीच्या कंदिलांच्या उजेडात तो चालू झाला. हेडफोन आबांच्या कानाला स्वतः लावला. ते डोळे मिटून बसले. नुसती खरखर. दुसऱ्या दिवशीही खरखर. मग पेपरात आलं, बॅटरी संपली. त्या संध्याकाळीही आबांनी हेडफोन लावला होता, मी काढायला गेलो तर म्हणाले, राहू दे जरा.

पुढे महाराष्ट्र झाला. सेक्रेटरी पेढे घेऊन आमच्या घरी आले आणि तुमच्या मुलाने काय ते डोकं चालवलं होतं, म्हणून आबांजवळ बादलीचं कौतुक करून गेले. आबांनी पेढा घेतला. नंतर आणखी चंद्र सुटले. घरी रेडिओही आला, पण आबा तो ऐकायला कधी बसले नाहीत. मी विचारायचो, ते म्हणायचे, तू ऐक.

मध्ये कोणी नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या चंद्रापासून आबांच्या कानापर्यंत खरंच कोणी नव्हतं. मध्ये बादली घेऊन मी तेवढा उभा होतो.