उशीच्या अभ्र्यातलं शिसं

धाकट्या भाऊजींचं वजन आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. वाढदिवस एखाद्या वेळी विसरला तरी चालेल, वजन विसरून चालणार नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहिलेला आकडा मला दाखवला आणि म्हणाले, "हा घरातला आणखी एक माणूस समज. आधी याचं पोट भरायचं, मग आपलं."

कारण भाऊजी तोलकरी होते.

आमच्याकडे जमिनीलगतची हवा फार दाट. पाखरंसुद्धा आधी फांदीफांदीने वर चढतात आणि मग पंख उघडतात. जमिनीवरून यान सोडलं तर ते त्या हवेतच जळून खाक होईल. म्हणून एका अजस्र विमानाच्या शेपटाखाली यान टांगतात, हवा विरळ होईपर्यंत विमान ते वर नेतं आणि तिथे सोडून देतं. पुढे यान आपल्या आगीवर आकाशाबाहेर जातं आणि काम उरकून खाली येतं. मग त्याचं करपलेलं आवरण सोलायचं, नवं शिवायचं, यान धुऊन पुन्हा टांगायचं. रोजचं पातेलं घासून पुन्हा चुलीवर ठेवावं, तसं एकच यान पुन्हा पुन्हा. विमानतळावर विमानाला सगळे म्हातारी म्हणतात आणि यानाला माहेरवाशीण. हे त्या आवरणाच्या शिवणखात्यात आहेत, त्यामुळे घरात बोलणं याचंच.

माहेरवाशीण सुटली की म्हातारीचं शेपूट एकदम हलकं होतं आणि नाक खाली जातं. त्या क्षणी पुढे बसलेल्या तोलकऱ्यांनी उठायचं आणि मधल्या अरुंद बोळातून एकामागे एक शेपटाकडे धावायचं. विमान पुढे कललेलं असतं, म्हणजे सगळा चढच. त्यांचं वजन मागे गेलं की म्हातारी सावरते. या कामाला यंत्रंही लावून पाहिली म्हणे, पण वरच्या थंडीत ती गोठून अडकायची. माणूस अडकत नाही, म्हणून माणूस. प्रत्येकाचं वजन ठरलेलं. एक घास कमी नको, एक घास जास्त नको.

वैमानिक त्यांना पोती म्हणायचे. "पोती चढली का रे?" असं खुशाल ओरडायचे. भाऊजींना त्याचा राग नव्हता. "वहिनी, नीट रचलेलं पोतं नसलं की भल्याभल्यांच्या गाड्या उलटतात," असं म्हणून ते आणखी वाढा म्हणायचे. लग्न त्यांनी केलं नाही. पोरी सांगून आल्या, पण प्रत्येक वेळी म्हणाले, "तिच्या हातचं खाऊन वजन बदललं तर?" बोळातली ती जागा हाच त्यांचा संसार. आणि तिथली रीत अशी की तोलकऱ्याला एकदा उतरवलं की परत घेत नाहीत.

गेल्या वर्षी ते पाव दुधात बुडवून खायला लागले. भाजलेले दाणे त्यांना फार आवडायचे, ते वाटीत तसेच राहू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "चव गेली हो वहिनी." मला वाटलं माझा हात बिघडला. मी देवापुढे हात जोडल्याशिवाय ताट वाढत नाही. त्या दिवसांत हात जास्तच वेळ जोडलेले राहायचे आणि ताट निवायचं. भाऊजींचे गाल बसले, सदरा खांद्यावर लोंबायला लागला. तरी दर आठवड्याला घरी येऊन सांगायचे, "बरोबर भरलं." विमानतळावर तोलकऱ्यांना काट्यावर उभं करणाऱ्या मापाच्या बाई आहेत. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. त्या बरोबर म्हणतात म्हटल्यावर मी कोण शंका घेणार? माझी प्रार्थना फळली, असं मी समजले. त्याच सुमारास माझा फुलं भरलेला उशीचा अभ्रा दोरीवरून गेला, तेव्हा मी वाऱ्याला दोन शब्द सुनावले.

उड्डाणाच्या दिवशी आम्ही गच्चीवर उभे होतो. थोरला सूर्य डोक्यावर आणि धाकटा कललेला, त्यामुळे कपड्यांच्या दोरीच्या दोन सावल्या पडल्या होत्या. वर ठिणगी पेटली, माहेरवाशीण निघाली. मी हात जोडले. हे मात्र म्हातारीकडेच बघत होते.

"नाक उचलत नाहीये," हे म्हणाले.

"उचलेल की."

"एव्हाना उचलायला हवं होतं."

मग उचललं. पण तोवर यांनी कठडा इतका घट्ट धरला होता की बोटांवर चुन्याचा थर बसला.

भाऊजी संध्याकाळी चालत आले. रोज तोलकऱ्यांची गाडी त्यांना कोपऱ्यावर सोडायची. त्या दिवशी मागच्या गल्लीने आले, हातपाय न धुता कोपऱ्यात बसले आणि म्हणाले, "उंच्याचा पाय मोडला. माझ्यामुळे." उंच्या म्हणजे बोळात त्यांच्या मागे धावणारा, लहानपणापासूनचा सोबती. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

बाकीचं आम्हाला बाहेरून कळलं. भाऊजींच्या कमरेला सदऱ्याखाली पट्टा होता आणि पट्ट्यात मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या. धावताना शिवण उसवली. विमान पुढे कललेलं. गोळ्या उतारावरून मागच्यांच्या पायांखाली गडगडत गेल्या. उंच्या पडला, त्याच्यावर बाकीचे पडले, आणि वजन शेपटाशी वेळेवर पोचलंच नाही. वैमानिकाने कसंबसं सावरलं. सगळे जिवंत उतरले ही देवाची दया. ती आठवून मी रोज आभार मानते, पण त्या आठवड्यात आभारसुद्धा मान खाली घालूनच मानले. प्रार्थनाघरात मी शेवटच्या रांगेत बसले, तरी शेजारची बाई पदर सावरून सरकली.

भाऊजींनी कुणाला काही सांगितलं नाही. यांनी समजावलं, दटावलं. "अरे, चौकशी होणार आहे. काही कारण असेल तर सांग. कारण सांगितलं तर जागा वाचेलही."

"कारण सांगण्यासारखं नाही, दादा."

"चोरी केलीस? जुगार?"

"त्याहून वाईट," भाऊजी म्हणाले. 

चौकशी तोलकऱ्यांच्या जेवणघरात झाली. टेबलं भिंतीला लावली होती, कोपऱ्यात वजनकाटा. घरच्यांनाही बोलावलं होतं. उंच्या पाय प्लास्टरमध्ये घालून बाकावर आडवा बसला होता. मापाच्या बाईंनी तो पट्टा टेबलावर ठेवला आणि मी माझा अभ्रा ओळखला. निळी फुलं, एका कोपऱ्यात चुकलेली पाकळी. खोलीतल्या सगळ्यांनी आधी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा कुणाकडचा?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडचा," मी म्हणाले.

"फुलं?"

"माझ्या हातची."

मागे कुणीतरी शेजारणीला, मला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणालं, "दिराच्या तोंडचा घास काढायचा आणि वर शिसं बांधून कामाला धाडायचा. दिवसभर देवदेव करणारी ती हीच."

मला उठून जावंसं वाटलं. पण उठले असते तर ते खरं ठरलं असतं. मी अभ्र्यावरच्या चुकलेल्या पाकळीकडे बघत बसले.

तेव्हा भाऊजी उभे राहिले.

"वहिनींचा यात काही संबंध नाही. अभ्रा मी दोरीवरून काढला. शिवला पण मीच. टाके बघा ना. असले टाके घालणारी बाई कुठल्या घरात टिकेल?"

दोघेतिघे हसले. बाई हसल्या नाहीत. "घरात पोटभर मिळत होतं?"

"वाढलेलं ताट मी कागदात बांधून पाखरांना टाकत होतो. वहिनींना माहीत नव्हतं."

"का?"

भाऊजींनी उंच्याच्या प्लास्टरकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. एवढा आडदांड माणूस, पण ज्याला बोलायचंय पण बोलता येत नाही अशा पोरासारखा उभा होता.

"दाढ," ते म्हणाले.

"मोठ्याने सांगा."

"दाढा दुखत होत्या, बाई. दोन्हीकडच्या. चावता येत नव्हतं."

"मग दाखवायची होती."

"दाढ काढायची भीती वाटते."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग खोली हसायला लागली. वैमानिक हसले, तोलकरी हसले, माझ्यामागची ती बाई तोंडावर हात धरून हसली. ज्या माणसाने आयुष्य कललेल्या विमानात चढावर धावण्यात घातलं, तो चिमट्याला भिऊन वर्षभर उपाशी राहिला. उंच्या म्हणाला, "गाढवा, मला सांगायचंस. एका बुक्कीत फुकट पाडली असती." तेव्हा तर हसण्याला ऊतच आला. मला हसू आलं नाही. यांनाही नाही. लोक रागावले असते तर बरं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

हसू ओसरल्यावर भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, वजन तर बरोबर आहे. म्हातारीला काय कळतंय, मांस की शिसं?"

"मांस माणसाबरोबर धावतं," मापाच्या बाई म्हणाल्या. "शिसं आपल्या मनाने धावतं. आधी सांगितलं असतंत तर रजा मिळाली असती, जागाही राहिली असती. आजारी पडायला इथे बंदी नाही."

मग त्यांनी तोलकऱ्यांकडे वळून त्यांच्यातला जुना प्रश्न विचारला. कुणाला ठेवायचं की उतरवायचं, ते तिथे असंच ठरवतात. "याच्या मागे कोण धावेल?"

एकही हात वर गेला नाही. सगळ्यांनी उंच्याकडे पाहिलं. त्याने कुबडी उचलली, हवेत थोडी धरली आणि परत खाली ठेवली.

"मी धावेन," तो म्हणाला. "पण खाली बघत धावेन."

खाली बघत धावणारा तोलकरी कामाचा नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊजींना तर सगळ्यांत जास्त. त्यांनीच मान हलवली. "बरोबर आहे. तो खोटं बोलणार नाही." आणि मग म्हणाले, "बोळ झाडायचं काम तरी द्या. उड्डाणाआधी."

ते दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि हे त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी यांचा हात धरला. यांनी तो उलट आवळला नाही, पण सोडवूनही घेतला नाही. पहिली दाढ निघाली तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी ती ताटलीत टाकली आणि दुसरी बाजू बधिर करायला घेतली.

"एवढंच?" भाऊजींनी विचारलं.

"एवढंच," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा त्यांना रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी औषध आणलं. मला माहीत होतं कशामुळे ते. मी खिडकीबाहेर बघत देवाचं नाव घेत राहिले. त्यांच्याकडे बघणं हा त्यांचा अपमान झाला असता.

माहेरवाशीण परत आली, करपलेली, नेहमीसारखी. यांनी आवरण शिवलं, ती पुन्हा गेली, पुन्हा आली. भाऊजी उड्डाणाआधी सगळ्यांत लवकर जातात आणि बोळ झाडतात. गुडघ्यावर बसून हाताचा पंजा जमिनीवरून फिरवतात, एखादा खडा, एखादं बटण. मग तोलकरी चढतात आणि भाऊजी उतरतात. उंच्या आता लंगडत का होईना धावतो, त्यांच्या जागेवर. दोघं बोलतात. पण जाताना उंच्याची नजर बोळाच्या जमिनीवरून एकदा फिरते, आणि भाऊजी ती फिरू देतात, असं हे सांगतात.

घरी ते दाणे खातात, पुढच्या दातांनी, खारीसारखे. गल्लीतली पोरं "दाढ आली, दाढ आली" म्हणून ओरडतात. वैमानिक पोतं म्हणायचे, त्यापेक्षा हे वाईट. तरी ते आता पुढच्या गल्लीनेच येतात. दारामागचा आकडा मी पुसला नाही आणि त्यांनीही पुसा म्हटलं नाही. गाल भरले, सदरा अंगासरसा झाला.

परवा आले आणि पाणी पिऊन म्हणाले, "वहिनी, आज काट्यावर उभा राहिलो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला. बाईंनी काटा बघितला."

"मग?"

"बरोबर, म्हणाल्या."

मी हातातलं काम थांबवलं. "नोंदवलं?"

"नाही. म्हणाल्या, उतरा आता, मागे माणसं खोळंबलीयेत."

ते थोडा वेळ उंबऱ्यावर बसले. मग उठून, मी न सांगता, देवापुढे जाऊन त्यांनी हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही. परत आले तेव्हा म्हणाले, "वाढा. पण थोडंच वाढा, आता कुणाला मोजायचं नाहीये."

मी रोजच्याइतकंच वाढलं. त्यांनी सगळं संपवलं.