मागच्या रांगेतला आवाज

आमच्या संगीत सभागृहात ‘देणगीदार’ हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. आम्ही त्यांना हितचिंतक म्हणायचो. शब्द बदलला की माणूस दोन दिवस आधी होकार देतो, असा आमच्या समितीतल्या जुन्या मंडळींचा अनुभव होता. नव्वदच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं मी या सभागृहाचा कार्यवाह होतो. सातपूरच्या कारखान्यातली सकाळची पाळी संपवायची, घरी चार घास खायचे आणि स्कूटर काढून गंगापूर रोडला यायचं, असा माझा क्रम होता. मला स्वतःला गाता येत नाही. पण गाण्यावर चार ओळी लिहून दुसऱ्याला गहिवर आणता येतो, हे समितीच्या लक्षात आलं आणि वर्गांचं माहितीपत्रक लिहिणं कायमचं माझ्या गळ्यात पडलं.

मैफलींची काळजी नव्हती. त्या भरायच्या. मुलांचे तबल्या-पेटीचे वर्गही परीक्षांच्या जोरावर चालायचे. रडतखडत चालायचा तो मोठ्या बायकांचा गाण्याचा वर्ग, मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारचा. त्यांना परीक्षा द्यायची नसायची, स्टेजवर जायचं नसायचं, त्यामुळे त्यांच्याबद्दल पत्रकात काय लिहावं हेच मला कळायचं नाही. शेवटी मी लिहिलं, ‘गळा कसाही असो, इथे प्रत्येकाला गाता येतं.’ वाक्य झकास जमलं होतं. ते खरं आहे का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

दर डिसेंबरात एका रविवारी सकाळी आम्ही हितचिंतकांचा मेळावा घ्यायचो. श्रीफळ, शाल, विद्यार्थ्यांचं गाणं, मग बटाटेवडा आणि चहा. वडा हातात असताना माणूस नाही म्हणत नाही, म्हणून आवाहन नेहमी वडे वाटून झाल्यावर. गायला अर्थातच आमचे सगळ्यात तयार विद्यार्थी. एका वर्षी चहा पिता पिता एका हितचिंतकांनी मला बाजूला घेतलं. ते लासलगावचे कांद्याचे व्यापारी, मुलांच्या शिक्षणासाठी नाशिकला बिऱ्हाड केलेले.

“पोरं लय भारी गायली,” ते म्हणाले. “पण कार्यवाह, ट्रॉलीत वरचा कांदा सगळेच निवडून ठेवतात. आम्ही लिलावाला हात खाली घालून बघतो. तुमचा खालचा माल दाखवा की एकदा.”

मला ते बोलणं फार पटलं. पुढच्या मेळाव्यात बायकांचा वर्ग गाईल, असं मी समितीत मांडलं. समितीने मान डोलावली, पण सोबत हेही सांगितलं की या वर्गाला कोणी वाली मिळाला नाही तर जूनपासून ती वेळ मुलांच्या परीक्षावर्गाला जाईल.

वर्गात बारा-तेरा जणी होत्या. त्यांतली एक एकलहऱ्याच्या कॉलनीतून यायची. पन्नाशीला आलेली, ठेंगणी, जाड आवाजाची. तिचे यजमान वीजकेंद्रात होते. एकलहऱ्याहून नाशिकरोड, तिथून बस बदलून सीबीएस स्टँड आणि तिथून पायी, एवढं करून ती वर्गात सगळ्यांच्या आधी पोचायची. मी कुलूप काढेपर्यंत जिन्यात उभी असायची. तिथे आमच्या गप्पा व्हायच्या. लहानपणी शाळेत कोणीतरी तिला बाप्यासारखा आवाज म्हटलं होतं, तेव्हापासून तिचं गाणं बंद. यजमानांनी लग्नानंतर तिला गाताना एकदाही ऐकलं नव्हतं. क्वार्टरच्या भिंती पातळ, म्हणून ती सराव करायची तोही ते पाळीला गेले की.

“त्यांना वाटतं मी इथे नुसती वेळ घालवायला येते,” ती एकदा म्हणाली. “एकदा ऐकवायचंय हो भाऊ त्यांना. चांगलं म्हणू देत नाहीतर वाईट.”

आमच्या गायनाच्या ताई शिकवायच्या एकेकीला. प्रत्येकीची पट्टी वेगळी. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची कळ फिरवून त्या जिची पाळी असेल तिचा सूर लावून द्यायच्या आणि मग ती एकटी गायची. या बाईंची पट्टी पेटीवरची पांढरी तीन, सगळ्यांत खालची. तिथे ती संथ, भरून गायची. मला गाण्यातलं कळत नाही, पण तिची पाळी आली की मी ऑफिसातला पंखा बंद करायचो, एवढं आठवतं.

मेळाव्यासाठी मात्र मी ठरवलं की सगळ्याजणी एकत्र गातील. तेरा जणी एकेक करून गायल्या तर वडे गार होतील, हा माझा विचार. ताई म्हणाल्या, “हा वर्ग समूहगानाचा नाही. एका पट्टीत सगळ्या बसणार नाहीत.” मी म्हणालो, बसवा. भूपातली एक सोपी बंदिश निवडली आणि बहुतेकींना सोयीची म्हणून पट्टी काळी चार ठरली, पांढरी तीनच्या बरीच वर. पहिल्याच सरावाला दोन आवाज बाहेर पडले. एक होती शरणपूर रोडची, जिला मुळात मैत्रिणींसाठी यायचं होतं. दुसरी ही. वरच्या षड्जाच्या पलीकडे गेलं की तिचा आवाज चिरकायचा आणि अख्खी ओळ विस्कटायची.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी मी दोघींना ऑफिसात बोलावलं. “वहिनी, एक विनंती होती,” मी म्हणालो. “तुम्ही दोघी मागच्या रांगेत उभ्या राहा आणि नुसते ओठ हलवा. कोणाला काही कळणार नाही.”

शरणपूर रोडच्या वहिनी खो खो हसल्या. सुटले एकदाची, म्हणाल्या. एकलहऱ्याच्या वहिनी हसल्या नाहीत. माझ्या टेबलावरची एक निमंत्रणपत्रिका उचलून त्यांनी विचारलं,

“तोंड उघडायचं ना पण?”

“हो, हो. चांगलं मोठं उघडा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग उठता उठता म्हणाल्या, “आमचे हे येणार आहेत. पाळी बदलून घेतलीय त्यांनी.”

“येऊ देत की. आनंदच आहे,” मी म्हणालो. वहिनींना काय ऐकवायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं आणि तरीही मी हे म्हणालो. त्या वेळी मला वर्ग वाचवायचा होता, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे. ते खरंही आहे. त्याने फारसा फरक पडत नाही.

मेळावा दृष्ट लागण्यासारखा झाला. बायका एका सुरात गायल्या. मागच्या रांगेत एकलहऱ्याच्या वहिनी उभ्या होत्या, जांभळ्या साडीत, गजरा माळून, आणि इतरांपेक्षा मोठं तोंड उघडत होत्या. डोळे मिटलेले. वड्यांच्या आधीच कांद्याचे व्यापारी माझ्याकडे आले.

“याला म्हणायचं खालचा माल,” ते म्हणाले. “आणि ती मागची जांभळ्या साडीतली बाई! काय जीव ओतून गात होती हो. हा वर्ग बंद नाय करायचा. मी हाय.”

मी त्यांचे आभार मानले. तेवढ्यात वहिनी यजमानांना घेऊन आल्या. उंच, शिडशिडीत गृहस्थ, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात पेन. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“साहेब, तुमचे उपकार आहेत,” ते म्हणाले. “एवढ्या बायकांत हिचा आवाज मी लगेच ओळखला. तो वर जाणारा, बारीक. बोलते जाड, पण गाते काय गोड! इतकी वर्षं घरात आहे, मला पत्ता नाही.”

तो बारीक आवाज पुढच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या प्राध्यापिकेचा होता.

“हो,” मी म्हणालो, “तो यांचाच.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. मी खरं बोलेन की काय, या भीतीने बघत होत्या की बोलावं म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. मी वड्यांची व्यवस्था बघायला निघून गेलो.

मंगळवारी त्या आल्या, पण नेहमीपेक्षा उशिरा. त्यांची पाळी आली, ताईंनी कळ फिरवून सूर पांढरी तीनवर आणला आणि मी पंखा बंद करून थांबलो. काहीच ऐकू येईना. मी दारातून डोकावलो तर त्यांचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते आणि नुसता तानपुरा चालला होता. ताईंना वाटलं घसा बसलाय. त्यांनी गरम पाणी मागवलं.

वर्ग सुटल्यावर मी जिन्यात त्यांना गाठलं. तो वर्ग पुढे बरीच वर्षं चालला, पण त्या दिवसानंतर त्या काही आल्या नाहीत. म्हणजे हे आमचं शेवटचं बोलणं.

“वहिनी, माझं चुकलं,” मी म्हणालो. “तुम्हाला गाऊ द्यायला हवं होतं.”

“तुमचं काय चुकलं? वर्ग राहिला ना,” त्या चप्पल घालत म्हणाल्या. “आणि हे तर खूश आहेत. कॉलनीत सगळ्यांना सांगत फिरतायत. रोज म्हणतात, घरी गा ना एकदा.”

“मग गा की.”

“कसं गाऊ भाऊ?” त्या म्हणाल्या. “त्यांना आवडलाय तो माझा आवाज नाही. माझा ऐकला, तर म्हणतील, हा तुझा नव्हे.”